धानाला खत नळीतून

भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धान घ्यायचा की नाही, हा प्रश्न दरवर्षी डिसेंबरात बोअरपाशी येऊन थांबतो. खरिपात पावसावर भागतं. सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तलाव आणि बोड्या (छोटी तळी) भरलेल्या, बांधीत (धानाच्या खाचरात) पाणी धुऱ्याला (बांधाला) टेकलेलं. पण जानेवारीत रोवलेला धान मे महिन्यात कापणीला येतो, आणि मधले सगळे महिने ज्यांच्या शेतापर्यंत कालवा पोचत नाही ते बोअरच्या भरवशावर असतात. साकोली तालुक्यातलं आमचं शेत त्यातलंच. एप्रिल लागला की पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो, आणि नेमका तेव्हा धान पोटरीत असतो, लोंबी पोटात धरत असतो.

म्हणून आम्ही एका एकरावर धानाला ठिबक बसवलं. हे ऐकलं की सगळे पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतात. पाणी वाचलं, त्याबद्दल पुढे सांगतेच. पण तो एकर पेरणीपासून कापणीपर्यंत रोज पाहिल्यावर माझी खात्री झाली ती खताबद्दल. धानाला ठिबकनं नुसतं पाणी देणं म्हणजे अर्धंच काम. त्याच नळीतून खत थोडं थोडं गेलं तर पीक वेगळं दिसतं, वेगळं भरतं. हे मी एकाच एकराचे दोन भाग करून पाहिलं.

घरात ही कल्पना पहिल्यांदा काढली तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पोरी, धानाच्या बुडाशी पानी नसन तं मंग तो धान कसा?" त्यांचं आयुष्य चिखलात रोवणी करण्यात गेलं. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर आधी समजून घेतल्याशिवाय मी पुढे गेले नाही. धान हे पाणवनस्पतींसारखं पाण्यातच जगणारं पीक नाही. ते पाणी सहन करतं, आणि तण ते सहन करत नाहीत. चिखलणी आणि साठवलेलं पाणी यांचा मोठा उपयोग तण दाबण्याचा. आपल्याकडे आवत्या टाकतात, म्हणजे बी थेट बांधीत पेरतात, तेव्हाही सुरुवातीला बांधी भरलेली नसतेच. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ज्याला एरोबिक भात म्हटलं, तो असाच: चिखल नाही, साठलेलं पाणी नाही, गव्हासारखी ओलसर मोकळी जमीन. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं त्यासाठी एमएएस-९४६-१ हा वाण काढला आहे. आम्ही मात्र ओळखीचा १०१०च घेतला. पद्धत नवी असताना वाणही नवा घेतला असता तर फरक कशामुळे पडला ते कळलं नसतं.

मांडणी अशी केली. एक एकर ठिबकवर. त्यातल्या अर्ध्या एकराला खत नळीतून, आठवड्याच्या हप्त्यानं. उरलेल्या अर्ध्या एकराला पाणी ठिबकनं, पण युरिया आणि पोटॅश नेहमीसारखं हातानं फेकून. धुऱ्याच्या पलीकडचा एकर जुन्या रीतीनं: परे (रोपं), चिखलणी, रोवणी, भरलेली बांधी. तिन्हीकडे खताची एकूण मात्रा सारखीच ठेवली. धानाला हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश ही नेहमीची शिफारस आहे, म्हणजे एकरी ४०:२०:२०. त्याचा हिशेब ८७ किलो युरिया, १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३३ किलो पोटॅश असा बसतो.

नळ्यांच्या अंतरावरून आमची बरीच चर्चा झाली. आमची जमीन सिहार, पिवळसर, रेताड. अशा जमिनीत ड्रिपरचं पाणी आडवं फार पसरत नाही, सरळ खाली जातं. नळ्या ८० सेंटीमीटरवर टाकल्या असत्या तर एकराला सुमारे ५ हजार मीटर नळी लागली असती, पण मधल्या ओळी कोरड्या राहिल्या असत्या. म्हणून ६० सेंटीमीटरवर टाकल्या. नळी पावणेसात हजार मीटरच्या जवळ गेली. १६ मिलिमीटरची नळी, दर ४० सेंटीमीटरला तासाला २ लिटरचा ड्रिपर, आणि एका नळीवर २० सेंटीमीटर अंतराच्या तीन ओळी. राज्यात छोट्या शेतकऱ्याला ठिबकवर ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो, पण अनुदानाचा हिशेब ठरावीक अंतराच्या दरानं होतो. इतकी दाट नळी टाकली की वरचे पैसे आपल्या खिशातून जातात. धानासाठी ठिबक बसवणाऱ्यानं हे आधी लिहून काढावं.

६० बाय ४० सेंटीमीटरवर २ लिटरचा ड्रिपर म्हणजे तासाला साधारण आठ मिलिमीटर पाणी. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. हे दोन आकडे मी पंपघराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवले, कारण रोजचं सगळं त्यांच्यावरच चालतं. थंडीत अर्धा तास पुरतो, मे महिन्यात तासाच्या वर जातं. सगळा एकर एकदम चालवायचा तर तासाला ३३ हजार लिटर लागतील. आमच्या पाच अश्वशक्तीच्या पंपाला ते झेपणारं नाही, म्हणून चार वॉल्व्ह केले.

पेरणीच्या आधी सुपर फॉस्फेट सगळं जमिनीत मिसळलं. स्फुरद जमिनीत जागचं फारसं हलत नाही, ते मुळांच्या जवळच असलेलं बरं. आणि डीएपी हे स्फुरदाचं दुसरं खत पाण्यात पूर्ण विरघळत नाही, गाळ राहतो, ड्रिपर बंद पडतात. झिंक सल्फेट एकरी १० किलो, पण फॉस्फेटबरोबर नाही, वेगळ्या दिवशी. पोटॅश पांढरं घेतलं. लाल पोटॅशमध्ये गाळ असतो. तो जाळीत अडकतो आणि जाळीतून निसटलेला ड्रिपरमध्ये. महागड्या विद्राव्य खतांच्या पिशव्या घेतल्याशिवाय ठिबकमधून खत देता येत नाही असा समज आमच्याकडे पक्का आहे, आणि त्यामुळे पुष्कळजण व्हेंच्युरी, म्हणजे टाकीतलं खत नळीत ओढून घेणारं साधन, बसवतच नाहीत. साधा युरिया आणि पांढरं पोटॅश दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळतात. आम्ही अख्खा हंगाम तेवढ्यावर काढला.

जानेवारीतल्या पेरणीबद्दल थोडक्यात. बी रात्रभर भिजवलं, सावलीत सुकवलं, ओळीत दोन-तीन सेंटीमीटर खोल टाकून झाकलं. थंडीत उगवण रेंगाळते. पहाटेचा पारा दहाच्या खाली गेला की काही दिवस शेतात नुसती माती दिसते. अशा वेळी खत द्यायची घाई उपयोगाची नाही, घेणारं मूळच नसतं. पेंडीमेथॅलिन हे तणनाशक पेरणीनंतर लगेच ओलीवर फवारलं, पुढे बिसपायरीबॅक. तरीही सावा आणि लव्हाळा आलाच. बाया निंदणाला दोनदा आल्या. रोवणीची मजुरी वाचली त्यातला मोठा वाटा निंदणात गेला, हे स्पष्ट सांगायला हवं. पाणी साठवत नाही तिथे तण हा धानाचा पहिला शत्रू आहे.

आता खत देण्याची रीत. मुळं सावरली, तिसरं-चौथं पान आलं की हप्ते सुरू केले. अर्ध्या एकराच्या वाट्याला ४३ किलो युरिया. तो दहा आठवड्यांवर वाटला. सुरुवातीला हप्ता लहान, फुटवे जोरात असताना मोठा, लोंबी पोटात धरते त्या आठवड्यांत पुन्हा भक्कम, आणि निसवा सुरू झाला, लोंबी बाहेर पडायला लागली, की युरिया बंद. सरासरी हप्ता सव्वाचार किलोचा. पोटॅश सुरुवातीला थोडंसं, जास्तीचा वाटा पोटरीपासून दाणे भरेपर्यंत.

युरिया बादलीत टाकून ढवळला की पाणी बर्फासारखं गार पडतं, विरघळायला वेळ लागतो. म्हणून आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवायचं आणि सकाळी फडक्यातून गाळून टाकीत ओतायचं. आधी नुसतं पाणी चालू, सगळ्या नळ्या भरून शेवटचा ड्रिपर टपकायला लागेपर्यंत. मग व्हेंच्युरीचा वॉल्व्ह उघडून खत. ते संपलं की पुन्हा नुसतं पाणी, नळ्या धुऊन निघेपर्यंत, पण तेवढंच. या शेवटच्या पाण्याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असे. युरिया पाण्यात विरघळला की तो मातीच्या कणांना चिकटत नाही, पाणी जिथे जाईल तिथे जातो. दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं, तेव्हा कुठे मातीला धरून राहतो. खत दिल्यावर तासभर पाणी चालू ठेवलं तर रेताड जमिनीत तो मुळांच्या खाली निघून जातो आणि आपण खत दिलं एवढंच समाधान उरतं.

व्हेंच्युरी दाबाच्या फरकावर ओढते. आमच्याकडे व्होल्टेज कधी धड, कधी पडलेलं. दाब पडला की व्हेंच्युरी ओढायची थांबते आणि टाकीतलं पाणी तसंच राहतं. त्यामुळे खताच्या दिवशी कोणीतरी तिथे उभं राहायलाच हवं. पंप सुरू करून घरी जाणं चालत नाही. दर काही दिवसांनी मी पहिल्या ड्रिपरखाली एक वाटी आणि शेवटच्या ड्रिपरखाली एक वाटी ठेवून पाणी मोजायची. दोन वाट्यांत फरक वाढला की जाळीचा फिल्टर उघडून धुवायचा, नळ्यांची टोकं सोडून गाळ काढायचा. पाण्यात फरक म्हणजे खतातही फरक, हे ध्यानात ठेवायचं. आणखी एक: बोअरच्या पाइपवर उलट पाणी अडवणारा वॉल्व्ह असलाच पाहिजे. वीज गेली की नळीतलं पाणी मागे जातं, आणि त्याच्याबरोबर युरिया बोअरमध्ये. ते पाणी आपण पितो.

फेब्रुवारीच्या मध्यात ठिबकच्या दोन्ही भागांत धान पिवळा पडायला लागला. पलीकडच्या भरलेल्या बांधीत मात्र काहीच नाही. आमचे हे म्हणाले, "युरिया कमी पडतोय, हप्ता वाढव." मी खाली बसून पानं नीट पाहिली. जुनी, खालची पानं हिरवी होती. पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांवर होता, आणि त्यातही शिरा हिरव्या, मधला भाग पांढुरका. नत्र कमी पडलं की आधी खालची पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र काढून वरच्या पानांना देतं. लोहाचं तसं नाही, ते एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानावर दिसते. भरलेल्या बांधीत हवा नसल्यामुळे जमिनीतलं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं आणि धानाला फुकट मिळतं. मोकळ्या, हवेशीर जमिनीत तेच लोह गंजासारखं मातीत अडकून पडतं. जमीन तीच, पण धानाला लोह मिळत नाही.

मी फेरस सल्फेट आणलं, अर्धा टक्का द्रावण, म्हणजे दहा लिटरला ५० ग्रॅम, त्यात थोडं सायट्रिक ॲसिड, आणि संध्याकाळी फवारलं. आठवड्यानं पुन्हा. जी पानं पांढरी पडली होती ती पूर्ण सुधारली नाहीत, पण त्यानंतर आलेलं प्रत्येक पान हिरवं आलं. हे ठिबकमधून देता येईल का, असं एका भावानं नंतर विचारलं. आमच्या बोअरचं पाणी चुन्याचं आहे. त्यात फेरस सल्फेट टाकलं की तांबडा गाळ होतो. लोह पानावरच द्यावं. धान मोकळ्या जमिनीत करणाऱ्या प्रत्येकाला हा पिवळेपणा कधी ना कधी भेटतो, आणि त्यावर युरियाचा मारा झाला तर पीक आणखी बिघडतं.

मार्च लागला आणि दोन अर्ध्या एकरांतला फरक धुऱ्यावरून दिसायला लागला. हातानं युरिया फेकलेल्या भागात पट्टे पडले. नळीजवळची ओळ काळपट हिरवी, तिच्या दोन्ही बाजूंच्या फिक्या. कारण साधं आहे: फेकलेला युरिया सगळीकडे सारखा पडतो, पण पाणी सगळीकडे सारखं पडत नाही. दोन नळ्यांमधली माती वरून कोरडी असते. त्या पट्ट्यात दाणा तसाच पडून राहतो, पहाटेच्या दवानं थोडा विरघळतो, आणि त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. तिथल्या बांधीत सकाळी उभं राहिलं की तो वास नाकाला कळत होता. भरलेल्या बांधीत पाणी निदान तो दाणा विरघळवून सगळीकडे नेतं. ठिबकमध्ये ते कामही होत नाही. म्हणजे ठिबक आणि फेकून दिलेलं खत ही जोडी दोन्हीकडची वाईट बाजू उचलते.

दुसरं असं की फेकून खत दिल्यावर तो भाग आठ-दहा दिवस एकदम गर्द हिरवा व्हायचा, मग उतरायचा. गर्द हिरव्या दिवसांत पानं गुंडाळणारी अळी तिथे आधी यायची. नळीतून खत मिळणाऱ्या भागात रंग आठवड्यामागून आठवडा जवळपास एकच राहिला. मी पानाच्या रंगाचा तक्ता वापरते, तोही भात संशोधन संस्थेमुळेच आपल्यापर्यंत पोचला. सकाळी, अंगाच्या सावलीत, वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर धरायचं. दहा पानं पाहायची. रंग चौथ्या पट्टीच्या खाली उतरायला लागला की हप्ता थोडा वाढवायचा, वर असेल तर कमी करायचा. फेकून खत देताना हे करता येत नाही. एकदा फेकलं की फेकलं. नळीतून देताना पुढचा आठवडा आपल्या हातात असतो. मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

मामाजींना आकडे सांगून पटत नाही, मुळं दाखवली तर पटतं. आम्ही तिन्हीकडचं एकेक झाड कुदळीनं खोल खणून काढलं आणि बादलीत धुतलं. भरलेल्या बांधीतल्या मुळांवर गंजासारखा तांबूस लेप होता, मुळं आखूड आणि चिखलाच्या थरातच पसरलेली. ठिबककडची पांढरी, बारीक तंतूंनी भरलेली, आणि लांब. दोन ठिबकच्या झाडांत नळीतून खत मिळालेल्याचा झुबका दाट होता, पण तोही ओल्या पट्ट्याच्या आकाराचाच. "मुळं तं खरंच बरी हायेत," मामाजी म्हणाले. मग मला विचारलं, "पन उन्हात टिकन का?"

तो प्रश्न नेमका होता. एप्रिलच्या शेवटी साकोलीत पारा ४२च्या पुढे जातो आणि तेव्हाच निसवा असतो. धानाचं फूल सकाळी उघडतं, आणि त्या वेळी ३५ अंशांच्या वर तापलं तर परागकण निकामी होऊन दाणा भरतच नाही. भरलेल्या बांधीला पाण्याचा थोडा गारवा असतो. ठिबकला तो नाही. त्या पंधरवड्यात आम्ही पाणी दोन वेळा विभागून दिलं, पहाटे आणि संध्याकाळी, आणि जमीन एकही दिवस सुकू दिली नाही. रात्रपाळीची वीज असलेल्या आठवड्यात पहाटे तीनला उठून वॉल्व्ह फिरवावे लागले. बोअरही तोवर उतरला होता, त्यामुळे एका वेळी एकच वॉल्व्ह चालायचा. याच दिवसांत पोटॅशचे शेवटचे हप्ते गेले. ही दगदग टाळून उन्हाळी धान ठिबकवर होईल असं मी कोणालाही सांगणार नाही.

नत्र हप्त्यानं का लागतं, ते मला तोवर नीट उमगलं होतं. भरलेल्या बांधीत वरच्या पातळ थरात हवा असते, खाली नसते. वर अमोनियमचं नायट्रेट होतं, ते खाली झिरपतं, आणि बिनहवेच्या थरातले जिवाणू त्याचा वायू करून उडवून देतात. शिवाय दिवसा पाण्यातलं शेवाळ पाणी अल्कधर्मी करतं, त्यातून अमोनिया जातो. टाकलेल्या युरियातलं एक-तृतीयांशाच्या आसपास नत्र पिकाला मिळतं असं मानतात. मोकळ्या जमिनीत वायू होऊन जाण्याची ही वाट बरीच अरुंद होते, पण दुसरी उघडते: सगळं अमोनियम भराभर नायट्रेट होतं आणि नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहतं. म्हणून ठिबकच्या धानाला एकदम मोठी मात्रा देऊन ठेवता येत नाही. जेवढं आठवड्यात उचललं जाईल तेवढंच द्यायचं. ठिबकमुळे हप्ते सोपे होतात हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे ठिबकच्या धानाला हप्ते लागतातच.

मेमध्ये कापणीच्या तोंडावर वादळ आलं. भरलेल्या बांधीतला धान उंच होता, कोपऱ्यात लोळला. ठिबकचा बुटका होता, उभा राहिला. कापायच्या आधी मी एक मीटर बाय एक मीटरची काठ्यांची चौकट करून तिन्हीकडे ठिकठिकाणी टाकली आणि लोंब्या मोजल्या. नळीतून खत मिळालेल्या भागात चौकटीत तीनशेच्या आसपास लोंब्या भरल्या, हातानं फेकलेल्या भागात अडीचशेच्या आतबाहेर, आणि ओळीओळीत फार फरक. रोवणीच्या बांधीतल्या लोंब्या लांब होत्या, पण संख्येनं नळीवाल्यापेक्षा थोड्या कमी. खरा फरक लोंबीच्या बुडाशी दिसला. धानाची लोंबी टोकाकडून भरत येते, बुडाचे दाणे शेवटी भरतात, आणि शेवटी अन्न कमी पडलं तर तेच पोचट राहतात. नळीतून पोटॅश आणि शेवटचं नत्र मिळालेल्या लोंबीत बुडापर्यंत दाणा टणक होता. फेकून खत दिलेल्या भागातल्या लोंब्या चोळल्या की तळहातावर पोचट दाणे राहायचे.

वजन करताना धान सारखा सुकवून घेतला, १७ टक्के ओलाव्याच्या आत, जशी खरेदी केंद्राची अट असते. नाहीतर ओल्या धानाचं वजन जास्त भरून तुलना फसते. नळीतून खत दिलेल्या अर्ध्या एकरात अकरा क्विंटलच्या जवळ धान झाला. हातानं खत फेकलेल्या अर्ध्या एकरात साडेआठ. रोवणीच्या पूर्ण एकरात वीस. म्हणजे एकरी धरलं तर बावीस, सतरा आणि वीस. नुसतं ठिबक करून खत जुन्या रीतीनं दिलं असतं तर आम्ही रोवणीच्या मागे पडलो असतो आणि ठिबकवर धान होत नाही असंच सगळ्यांना सांगत फिरलो असतो. आमच्या भागात ज्यांनी ठिबकचा धान करून सोडून दिला, त्यांच्यापैकी काहींचं हेच झालं असावं असं मला वाटतं.

पाण्याचा हिशेब पंपाच्या तासांवरून काढला. रोवणीच्या एकराच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास पाणी लागलं. एक किलो धानाला तीन ते पाच हजार लिटर पाणी लागतं हा आकडा आपण नेहमी ऐकतो. आपल्याच बोअरवर त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. एप्रिलमध्ये जे पाणी दोन एकरांच्या रोवणीला पुरत नव्हतं, ते ठिबकच्या दोन एकरांना पुरलं असतं. याउलट पैशाच्या हिशेबात पहिल्या वर्षी फार हाती लागत नाही. नळीचा खर्च, निंदण, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्यांना जोड. कोरड्या बांधीत उंदीर फार होतात, भरलेल्या बांधीत ते पाण्यामुळे दूर राहतात. परे टाकणं, चिखलणी आणि रोवणी वाचते, ती बाजू जमेची.

खरिपात हे करू नका, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. पाऊस बांधी भरून टाकतो, नळ्या गाळात रुततात. आम्ही जूनच्या आधी नळ्या गुंडाळून कोठ्यात ठेवतो आणि त्या बांध्यांत नेहमीची रोवणी करतो.

पुढच्या उन्हाळ्यात संपूर्ण एकराला खत नळीतून दिलं आणि लोहाची फवारणी पिवळेपणाची वाट न पाहता तिसऱ्या-चौथ्या पानावरच केली. पीक सुरुवातीपासून एकसारखं राहिलं. उत्पन्न पहिल्या वर्षीच्या चांगल्या अर्ध्यासारखंच, एकरी बाविसाच्या आसपास. पण त्याच जागी दर उन्हाळ्यात पाणी न साठवता धान घेत गेलं तर जमिनीत सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) वाढतात आणि उत्पन्न घसरतं, हा अनुभव इतर ठिकाणच्या संशोधकांनाही आला आहे. म्हणून यंदा त्या एकरात मूग पेरणार आहोत, त्याच नळ्यांवर.

धानासाठी नळ्यांचा दुसरा संच धुऱ्यापलीकडच्या एकरात जाईल. तिकडचा उतार कन्हार जमिनीकडे झुकतो, माती भारी आहे, पाणी आडवं जास्त पसरतं. तिथे नळ्या ८० सेंटीमीटरवर टाकून पाहायच्या आहेत, एका नळीवर चार ओळी. भारी माती अमोनियम जास्त धरून ठेवते, तेव्हा हप्ते आठवड्याऐवजी दहा दिवसांनी चालतात का, तेही रंगाच्या तक्त्यावर पाहायचं आहे. नळीपासून सगळ्यात लांबची ओळ फिकी पडली तर अंतर कमी करू. मामाजींनी त्या ओळीवर खुणेच्या काड्या रोवायचं काम स्वतःकडे घेतलं आहे.